घरात एक कंपायलर असावा

घरगुती वापरासाठी लिनक्स घालून घेतलेल्या संगणकात बरंच काही आयतं मिळतं. ब्राउझर असतो, लिब्रेऑफिस असतं, फोटो बघायची, गाणी ऐकायची सोय असते. पण टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडून ‘जीसीसी’ टाइप केलं, तर पुष्कळदा उत्तर येतं की अशी कमांड सापडली नाही, हवी असेल तर अमुक पॅकेज टाकून घ्या. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे माणसानं लिहिलेल्या प्रोग्रॅमची, त्याच्या सोर्सची, यंत्राला चालवता येईल अशी फाइल करून देणारा प्रोग्रॅम. दुसऱ्यांनी बनवलेलं सगळं वापरा, स्वतः काही बनवायचं असेल तर त्याची तजवीज तुमची तुम्ही करा, असा त्याचा अर्थ. बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नाही आणि त्यात गैरही काही नाही. मला मात्र कंपायलर नसलेला संगणक पुरा वाटत नाही. हे मत कोल्हापुरात वाढल्यामुळे झालं असावं.

वडील शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते, लेथवर धातूचं काम करायचे. शाळा सुटल्यावर कधी डबा न्यायला, कधी उगाचच, मी तिथं जायचो. दारातच कुलंटचा वास यायचा, पायाखाली लोखंडाच्या वळ्यावळ्यांच्या चिप्स असायच्या. एकदा शेजारच्या कारखान्यातल्या लेथचा एक बुश झिजला होता आणि तो वडिलांच्या लेथवर करायला आला होता. लेथला लागणारा भाग लेथवरच करतात, हे मला तेव्हा कळलं. मग पहिला लेथ कुणी केला, असं मी विचारलं. वडील म्हणाले, “त्याच्याहून साध्या लेथवर.” आणि तो? “त्याच्याहून साध्या.” पुढं ते कामाला लागले. हे उत्तर मला पुरेसं वाटलं होतं, आजही वाटतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून १९१८च्या सुमारास आपला सिनेकॅमेरा स्वतः तयार केला. आधी कॅमेरा, मग सिनेमा. उद्यमनगरातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. काम करायचं तर हत्यार आपलं पाहिजे, आणि हत्यार बिघडलं तर ते करताही आलं पाहिजे.

माझ्या घरी कंपायलर आला तो टपालानं. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची ‘शिपइट’ नावाची योजना होती. नाव-पत्ता कळवला की परदेशातून सीडी फुकट घरपोच यायची. २०११ साली ती बंद झाली, पण त्याआधी तिनं आमच्यासारख्या गावांत केवढं काम केलं याची नोंद कुठं फारशी सापडत नाही. ती येण्याआधी आमच्याकडं लिनक्स यायचं ते पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकाबरोबरच्या सीडीतून, आणि ती सीडी हातोहात फिरून ओरखडे पडलेली असायची. टपालानं आलेली कोरी सीडी, पुठ्ठ्याच्या रंगीत पाकिटातली, हे अप्रूपच होतं. पोस्टमननं ती घरी आणून दिली तेव्हा आईला वाटलं होतं परदेशातून कुणाची लग्नपत्रिका आली.

संगणक सुरू झाला, पडद्यावर सगळं आलं, फक्त इंटरनेट येईना. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घ्यायचो. संगणकाच्या आत बसवलेले स्वस्त मोडेम स्वतः फार काही करत नसत. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करण्याचं काम ते प्रोसेसरवर ढकलत, आणि ते काम करणारा ड्रायव्हर बहुधा फक्त विंडोजसाठी मिळे. लिनक्ससाठी जो मिळायचा त्यातला काही भाग सोर्सच्या रूपात असे, आणि तो तुमच्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नेमक्या आवृत्तीसाठी तुमच्याच संगणकावर कंपाइल करावा लागे. म्हणजे इंटरनेटला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरला कंपायलर हवा, आणि कंपायलर कुठून घ्यायचा, तर इंटरनेटवरून!

तोडगा सीडीतच होता. राजारामपुरीत राहणाऱ्या एका थोरल्या मित्रानं तो दाखवला. उबुंटूच्या सीडीवर, बसवताना न टाकलेली अशी काही पॅकेजं ठेवलेली असत आणि त्यांत कंपायलर आणि कर्नलच्या हेडर फायलीही होत्या. ज्यानं कुणी ही सीडी रचली त्याला हा पेच ठाऊक होता. दूर कुठंतरी बसलेल्या माणसानं आपल्यासारख्याची अडचण आधीच धरून ठेवावी, याचं मला फार बरं वाटलं. आपण भेटलेले नाही, भेटणारही नाही, पण त्यानं आपला विचार केला होता.

सीडी पॅकेजांच्या यादीत जोडली आणि आधी नुसतं जीसीसी टाकलं. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, नमस्कार छापणारा. कंपायलर म्हणाला, एसटीडीआयओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही. कंपायलर तर आला, मग ही काय भानगड? मित्रानं जे समजावलं ते मी नंतर कितीजणांना समजावलं असेल. जीसीसीला सी भाषेचं व्याकरण येतं. इफ कुठं संपतो, फॉर कसा फिरतो, हे त्याला कळतं. पण पडद्यावर अक्षरं छापणारं प्रिंटएफ हे व्याकरणात नाही, ते सीच्या लायब्ररीत आहे. लायब्ररीचा चालणारा भाग संगणकावर असतोच, कारण सगळे प्रोग्रॅम त्याच्यावरच उभे असतात. नसतो तो बनवणाऱ्यासाठीचा भाग: कुठलं फंक्शन काय घेतं आणि काय देतं हे सांगणाऱ्या हेडर फायली, आणि जोडणीच्या वेळी लागणारे लहानसहान तुकडे. डेबियन या लिनक्सच्या कुळात, ज्यात उबुंटूही येतं, हे सगळं लिबसी-सिक्स-डेव्ह या पॅकेजात असतं. त्या काळी नुसतं जीसीसी मागितलं तर ते आपोआप येत नसे. आता शिफारस केलेली पॅकेजं बरोबर येतात, म्हणून ही चूक नवीन मुलांना सहसा दिसत नाही.

हे एकेक आठवून टाकण्यापेक्षा एकच पॅकेज मागावं: बिल्ड-इसेन्शियल. त्यात स्वतःचं असं जवळजवळ काही नाही. ते फक्त सांगतं की जीसीसी घ्या, सी प्लस प्लससाठी जी-प्लस-प्लस घ्या, मेक घ्या, लायब्ररीच्या हेडर घ्या, आणि डेबियनची पॅकेजं बांधायचं सामान घ्या. आजही कुणी विचारलं की घरच्या उबुंटूवर कंपायलर कसा घालू, तर मी एवढंच सांगतो: आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’, आणि झाल्यावर ‘जीसीसी’पुढं दोन आडव्या रेघा देऊन ‘व्हर्जन’ विचारून बघ. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सात ॲप्टऐवजी डीएनएफ आणि पॅकेजाचं नाव जीसीसी. चहा उकळेपर्यंत होतं.

इतकं सोपं झालंय याचा मला आनंद आहे, पण सोपं झाल्यामुळे यामागची हकीकत कुणी सांगत नाही, आणि ती सांगण्याजोगी आहे.

रिचर्ड स्टॉलमननं १९८३ साली जाहीर केलं की युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसारखी एक संपूर्ण प्रणाली लिहायची, आणि ती सगळ्यांना वापरायला, वाचायला, बदलायला, वाटायला मोकळी ठेवायची. त्याला पहिल्यापासून कळत होतं की कंपायलर आपला नसेल तर बाकीचं कशाच्या जोरावर उभं राहणार? ॲमस्टरडॅमच्या फ्री युनिव्हर्सिटीत एक कंपायलर संच तयार झाला होता. त्यानं लेखकाला पत्र लिहून विचारलं की हा आम्हाला वापरता येईल का. उत्तर आलं की विद्यापीठ फ्री आहे, कंपायलर नाही. मग त्यानं अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेतला पेस्टल नावाचा कंपायलर घेतला, त्याला सी शिकवायला सुरुवात केली, पण तो चालायला कित्येक मेगाबाइट स्टॅक, म्हणजे कामापुरती मेमरी, मागायचा आणि हाताशी असलेलं मोटोरोला ६८००० प्रोसेसरवरचं युनिक्स ६४ किलोबाइटच्या वर देत नव्हतं. शेवटी त्यानं नवा कंपायलर पहिल्यापासून लिहायला घेतला. १९८७च्या मार्चमध्ये जीसीसीची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली.

पुढं काही वर्षांनी सन कंपनीनं सोलारिस हे आपलं युनिक्स काढताना सीचा कंपायलर प्रणालीबरोबर देणं थांबवलं, वेगळे पैसे मोजा म्हणून सांगितलं. तोवर युनिक्स म्हटलं की कंपायलर आलाच, असं लोक धरून चालायचे. त्या निर्णयानंतर कितीतरी जण जीसीसीकडं वळले. कारखान्यात कामाला ठेवलं आणि लेथ मात्र कुलपात ठेवला, तर दुसरं काय होणार.

आणि १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतला लिनस टोरवाल्ड्स जेव्हा आपण छंद म्हणून एक कर्नल लिहितोय असं लोकांना कळवत होता, तेव्हा त्यावर दोन गोष्टी चालू झाल्याचं त्यानं सांगितलं होतं. एक बॅश, म्हणजे कमांड द्यायची जागा, आणि दुसरी जीसीसी. तेव्हा त्या कर्नलचं पुढं काय होणार हे खुद्द त्यालाही ठाऊक नव्हतं, पण कंपायलर आला होता. लिनक्स जन्मल्या जन्मल्या स्वतःला लागणारी वस्तू घडवू शकत होतं. आज घरच्या लिनक्सवर कंपायलर मागाहून टाकावा लागतो, हे या इतिहासाकडं बघितलं तर उलटंच आहे.

जीसीसी सोर्सपासून कसा बांधतात हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा वडिलांचं ते उत्तर एकदम आठवलं. आधी हाताशी असलेला कुठलाही चालणारा कंपायलर घेऊन नवा जीसीसी बांधतात. हा पहिला टप्पा. मग त्या पहिल्यानं तोच सोर्स पुन्हा बांधतात, हा दुसरा. मग दुसऱ्यानं तोच पुन्हा, हा तिसरा. आणि शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातून निघालेल्या फायली ताडून बघतात. त्या तंतोतंत जुळायला हव्यात. पहिल्या टप्प्याचा कंपायलर बाहेरच्या हत्यारानं केलेला असतो, त्याच्या घडणीवर त्या हत्याराची छाप असते. तिसऱ्यापर्यंत यंत्र स्वतःच स्वतःला घडवत आलेलं असतं, आणि दोन्ही वेळी माप एकच निघालं तर काम बरोबर. २०१३च्या ४.८ आवृत्तीपासून तर जीसीसीला बांधायला सी प्लस प्लसचा कंपायलर लागतो, म्हणजे बहुधा आधीचा जीसीसी हवा, त्याआधी त्याच्याहून जुना. ही साखळी मागं मागं जाते आणि कुठंतरी माणसाच्या हातानं लिहिलेल्या आकड्यांशी थांबते.

युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसननं ट्युरिंग पुरस्काराच्या १९८४ सालच्या व्याख्यानात याच साखळीतला धोका दाखवला होता. कंपायलरमध्ये एकदा कुणी चोरवाट ठेवली, आणि पुढच्या कंपायलरमध्येही ती आपोआप उतरेल अशी व्यवस्था केली, तर सोर्स कितीही वाचला तरी ती दिसणार नाही. म्हणून कंपायलर कुणाचा, कुठून आणला, तो कुणाला वाचता येतो, हे प्रश्न मला तरी केवळ तांत्रिक वाटत नाहीत. जीसीसी वाचता येतो. सोपा नाही, लाखो ओळींचा आहे, पण वाचणारे आहेत. आपल्याच राज्यात, आयआयटी मुंबईत, प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी रिसोर्स सेंटरमधून कार्यशाळा घेऊन हे पोट उघडून दाखवायचं काम केलं. अशा लोकांचं नाव आपल्याकडं घरोघरी का नसतं, हे मला कळत नाही.

परवा भाची आली. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्याकडचा जुना डेस्कटॉप तिला दिला होता, उबुंटू घालून. दाजींचं उद्यमनगरात पॅटर्नचं काम आहे, ओतकामाचे लाकडी नमुने करतात, त्यामुळं घरात हत्यारांची सवय आहे. पण संगणकाचा तिला राग आला होता.

“मामा, वहीतला प्रोग्रॅम जसाच्या तसा घातलाय, तरी चालंना. मी काय चुकलो?”

ती चुकली नव्हती. तिला शिकवतात ते टर्बो सीवर. बोर्लंडनं १९८७ साली डॉस या जुन्या प्रणालीसाठी काढलेला हा कंपायलर त्याच्या काळात फार चांगला होता, त्याची निळी खिडकी आमच्या पिढीच्या मनात अजून आहे. पण त्यात सवयी लागतात त्या डॉसच्या. कोनिओ डॉट एच ही हेडर लिनक्समध्ये नाही. पडदा पुसणारं क्लिअरस्क्रीन नाही, शेवटी कळ दाबेपर्यंत थांबवणारं गेट-सीएच नाही. तिथून ते काढलं, व्हॉइड मेनच्या जागी इंट मेन केलं, आणि प्रोग्रॅम कंपाइल झाला. तयार फाइलीचं नाव ए डॉट आउट कुठून आलं, आणि ती चालवताना पुढं टिंब आणि तिरकी रेघ कशाला, हेही तिनं विचारलं. नाव जुन्या युनिक्सपासूनचं, असेंब्लरचं आउटपुट म्हणून. आणि टिंब-रेघ म्हणजे ‘मी उभा आहे त्याच फोल्डरमधली’, कारण लिनक्स कमांड शोधताना समोरच्या फोल्डरात आपणहून बघत नाही.

मग तिनं एक गंमत सांगितली. लॅबमध्ये फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून दिलेल्या आकड्यापर्यंत सगळ्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम केला होता, सातपर्यंत बरोबर आलं, आठाला उत्तर उणे २५२१६. सरांनी सांगितलं लाँग वापर. तिनं वापरला, झालं. पण उणे का आलं हे तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. आम्ही तोच प्रोग्रॅम जीसीसीवर चालवला: ४०३२०. तिनं माझ्याकडं बघितलं. टर्बो सीमध्ये इंट दोन बाइटचा, म्हणजे ३२७६७च्या पुढं जागा नाही. ४०३२० त्यात मावत नाही, ६५५३६ वजा होऊन उरतं ते उणे २५२१६. तिनं वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी करून बघितली. इथं इंट चार बाइटचा, म्हणून बारापर्यंत बरोबर येतं, तेरापाशी तोही फसतो. तिनं लगेच तेरा घालून बघितलं. फसला. तिला इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच बघितला.

हे मी आवर्जून लिहितोय, कारण मुलांना आजही असं शिकवलं जातं हे मला मनापासून खटकतं. शिकवणारे मेहनत घेतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण फुकट, उघडा, आजचा कंपायलर दोन ओळींत घरच्या संगणकावर येत असताना मुलांनी डॉसच्या निळ्या खिडकीत का बसावं? शिवाय जीसीसी आपल्या पोटातलं काम दाखवतो. ‘सेव्ह-टेम्प्स’ हा पर्याय दिला की मधल्या फायली तो जपून ठेवतो. भाचीला त्या उघडून दाखवल्या. पहिल्या फायलीत तिच्या चार ओळींच्या वर हेडरमधून आलेल्या शेकडो ओळी होत्या. दुसरीत असेंब्ली, प्रोसेसरला समजणाऱ्या सूचना, पण अजून अक्षरांत. तिसरीत मशीन कोड, तो वाचता येत नाही. आणि चौथं काम लिंकरचं, सगळं जुळवून चालणारी फाइल करण्याचं. शेवटची दोन कामं खरं तर जीसीसीची नाहीतच, बायनयुटिल्स नावाच्या वेगळ्या संचातले असेंब्लर आणि लिंकर ती करतात, जीसीसी फक्त त्यांना हाक मारतो. “म्हणजे हे सगळं एवढं व्हायलंय होय आत?” ती म्हणाली.

रात्री जेवताना दाजींनी विचारलं, तुझा हा प्रोग्रॅम आमच्या काही कामाचा आहे का. विचारणं साधं होतं, पण तिनं ते मनावर घेतलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर थंड होताना आकसतं, मीटरमागं साधारण १० मिलिमीटर. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दाजी हे वेगळ्या खुणांच्या पट्टीनं मापतात. तिनं दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम लिहिला: हवं ते माप घाला, नमुन्याचं माप मिळेल. ३५० घातलं, उत्तर ३५०च आलं. कंपायलरनं काही इशाराही दिला नव्हता, सगळे इशारे चालू करूनसुद्धा. तिनं मापाला एक अधिक एक भागिले शंभर यानं गुणलं होतं, आणि सीमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की अपूर्णांक टाकून देतात. एक भागिले शंभर म्हणजे शून्य. भाषेच्या नियमानं ते बरोबरच आहे, त्यामुळं कंपायलर काय बोलणार. मी सांगण्याआधी तिनं स्वतः शोधलं, मधल्या किमती छापून छापून. भागाकारातल्या एकच्या जागी एक पूर्णांक शून्य लिहिलं आणि ३५३.५ आलं.

दाजींनी पट्टी काढून ताडून बघितलं. मग म्हणाले, “ॲल्युमिनियमचं पण घाल की त्यात.” ॲल्युमिनियम जास्त आकसतं, मीटरमागं १३च्या आसपास. तिनं धातू निवडायची सोय केली. पुढची अडचण अशी की दुकानातला बिलांचा संगणक विंडोजचा. तिथं ही फाइल चालणार नाही, असं ती म्हणाली, आणि चेहरा उतरला. पण जीसीसीचं एक रूप असं आहे की लिनक्सवर बसून विंडोजसाठीची फाइल तयार करता येते. एका यंत्रावर दुसऱ्या यंत्रासाठी घडवायचं. उबुंटूच्या भांडारात ते जीसीसी-मिंगडब्ल्यू-डब्ल्यू-सिक्स्टीफोर या नावानं आहे. तिनं पॅकेजचं नाव टाइप केलं, पासवर्ड घातला, आणि ते उतरत असताना पितळ मीटरमागं किती आकसतं ते बापाला फोन करून विचारायला लागली.